गार्ड खंय होतो?

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आषाढात झालं आणि डाव्याचं त्यानंतर महिन्याभरानं. मधल्या काळात वाचन बंद. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या माणसाला हे फार जड गेलं. आचऱ्याला आमचं घर खाडीपासून जवळ आहे. पाऊस लागला की पडवीत बसून नुसता आवाज ऐकायचा, दुसरं काही करता येत नाही. होड्या झापांखाली, वीज कधी आहे कधी नाही. मी शाळेतून रजा काढून आले होते. डोळ्यांत थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गो बाय, कायतरी वाचून दाखव. पण ता कीर्तन नको."

बाबा रेल्वेत गार्ड होते. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द अजून आलेला नाही. नोकरीच्या काळात रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, पडून त्यांनी झुंझार आणि काळा पहाड यांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला होता. म्हणून मी माझ्या कपाटातलं कॉलेजात घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक काढलं, मायकल क्रायटनची 1975 सालची 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'. लंडनहून निघालेल्या गाडीतलं 12,000 पौंडांचं सोनं धावत्या गाडीतून कसं पळवलं, त्याची ही कादंबरी. वाटलं होतं आठवड्यात संपेल. संपता संपता नारळी पौर्णिमा आली.

इंग्रजी पुस्तक तोंडी मराठीत वाचून दाखवणं हे काम मी आधी कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी एकेक वाक्य घेऊन त्याचं शुद्ध मराठी करत बसले. "तिजोऱ्या उघडण्याच्या कलेत निष्णात असा एक इसम" वगैरे. दोन पानांनंतर बाबा म्हणाले, "भाषण कित्याक करतस? तो काय करता ता सांग." दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. रात्री मी पुढची वीस-पंचवीस पानं वाचून ठेवायची, पेन्सिलीने खुणा करायची, आणि दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर पुस्तक मांडीवर उघडं ठेवून सांगायची. संवाद शक्यतो जसेच्या तसे, वर्णनं थोडक्यात. घरात बोलतो ती भाषा आणि शाळेत शिकवते ती भाषा यांचं मिश्रण आपोआप तयार झालं. त्यात सांगताना एखाद्या इंग्रजी वाक्यापाशी अडखळले की मला कळायचं, ते वाक्य मला स्वतःलाच नीट समजलेलं नाही. तिथे थांबून परत वाचायचं.

शब्दांनी मात्र रडवलं. या कादंबरीची अर्धी मजा व्हिक्टोरियन चोरांच्या बोलीत आहे. कुलपं उघडणाऱ्याला त्यांच्यात 'स्क्रूजमन' म्हणतात. फटीतून, धुराड्यातून, खिडकीच्या गजांतून अंग आत घालणारा जो बारीक चोर, तो 'स्नेक्समन'. कादंबरीतला हा चोर न्यूगेटच्या तुरुंगाची भिंत चढून पळतो, तेही बाहेर जाहीर फाशी बघायला गर्दी लोटलेली असताना. 'सापमाणूस' म्हटलं तर पौराणिक वाटतं. 'घरफोड्या' म्हटलं तर सगळेच घरफोडे. बाबांनी क्षणात सांगितलं, "दिवड." पाण्यातली दिवड हातातून कशी निसटते ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून तो आमचा दिवड झाला. पुढे हा दिवड फितूर होतो आणि मारला जातो, तेव्हा बाबांनी मला तिथेच थांबायला सांगितलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं.

कादंबरीचा अर्ध्याहून अधिक भाग किल्ल्यांवर खर्च झाला आहे. चार किल्ल्या. एक बँकेच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या गळ्यात, एक दुसऱ्या बँकवाल्याच्या घरी दारूच्या तळघरात, आणि दोन लंडन ब्रिज स्टेशनच्या कचेरीत. प्रत्येकीचा मेणावर ठसा घ्यायचा आणि किल्ली होती तिथे परत ठेवायची. चोरी झाली आहे हे कळूच नये, अशी आधी चार वेळा चोरी. मला हा भाग कॉलेजात कंटाळवाणा वाटला होता. मोठ्याने सांगताना कळलं की खरं पुस्तक इथेच आहे. सोनं शेवटी काही मिनिटांत हाती लागतं. त्यामागे वर्षभराची पाळत असते, कोणता नोकर किती वाजता झोपतो याची माहिती असते.

बाबा सगळं शांतपणे ऐकत, आणि दर थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारत.

"ह्या सगळा ठीक आसा. पण गार्ड खंय होतो?"

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला एक वही आणायला लावली. गार्ड दर फेरीला जर्नल लिहितो. गाडी कुठून किती वाजता सुटली, कुठे किती थांबली, का थांबली, डब्यात काय चढलं, काय उतरलं. तसे रकाने त्यांनी मला आखायला सांगितले: स्टेशन, वेळ, चढलेला माल, उतरलेला माल, शेरा. खाली गार्डच्या सहीची जागा. "लिवन ठेव. नायतर तो लेखक आपणाक फसवतलो." त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी आणि मी शाळेतल्या मुलीसारखी पट्टी-पेन्सिल घेऊन समोर. लेखकाला पकडण्याची ती तयारी पाहून मला पुढचं वाचायची उत्सुकता दुप्पट झाली.

आणि बाबांनी त्याला एका ठिकाणी पकडलंच. कादंबरीत ऐन वेळी रेल्वे नियम बदलते. गार्डच्या डब्याला बाहेरून कुलूप लागतं. मग कुलूपवाला आगर मुडदा बनून शवपेटीतून डब्यात शिरतो. वास खरा वाटावा म्हणून पेटीत मेलेलं मांजर. आणि म्होरक्या पिअर्स धावत्या गाडीच्या टपावरून डब्याडब्यांवरून सरकत जाऊन बाहेरचं कुलूप काढतो. मी हे जमेल तेवढं रंगवून सांगितलं. शेजारचे सोनारकाका रोज पानाचा डबा घेऊन ऐकायला येऊ लागले होते, ते पुढे सरकून बसले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेलेला मांजर चलात. टपार चढणारो चलाचो नाय. सोना जड. टपावरून जाणारो माणूस हलको होयो. ही दोन वेगळी माणसा."

मग त्यांनी वारा कसा असतो ते सांगितलं. गार्ड दारात उभा राहून वळणावर मागेपुढे गाडी बघतो, तेव्हा हातातला झेंडा घट्ट धरला नाही तर जातो. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरताना हवेचा दाब कानाला कसा बसतो. लेखकाने टपावरचा वारा, धूर, डोळ्यांत जाणारी काजळी सगळं लिहिलं आहे, ते मी परत वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. "लिवलाहा बरा." पण वहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'संशयास्पद' लिहायला लावलं.

सोन्याच्या वजनाचा हिशेब सोनारकाकांनी केला. चोरांनी पेट्यांमधलं सोनं काढून बदली शिशाच्या गोळ्या भरल्या, म्हणजे वजन जुळेल. इथपर्यंत वाचल्यावर काका उठले, घरी गेले आणि तराजू घेऊन आले. खाडीवरच्या एकाच्या पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, लावायचे शिशाचे मणीही आणले. स्वतःच्या बोटातली अंगठी काढून एका पारड्यात, शिशाचे मणी दुसऱ्यात. काटा सरळ झाला तेव्हा मण्यांची ढिगुळी अंगठीच्या मानाने चांगलीच मोठी दिसत होती. शिसं पाण्याच्या सुमारे 11.3 पट जड आणि सोनं 19.3 पट. गेलेलं सोनं 224 पौंड वजनाचं, म्हणजे जवळपास 102 किलो. हे सगळं सोनं वितळवून ओतलं तर सव्वापाच लिटरच्या आसपास भरेल, आमच्या खोबरेल तेलाच्या पाच लिटरच्या कॅनपेक्षा जरासं जास्त. तेवढ्याच वजनाचं शिसं नऊ लिटर होईल, आणि गोळ्या असल्या की मधल्या पोकळीमुळे आणखी जास्त. काका म्हणाले, "गावपळणीक मी माजी पेटी कमरेक बांधून नेतंय. ती एवढीशी. तरी तिसऱ्या रात्री कंबर ऱ्हवत नाय." आमच्या गावपळणीला तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर राहुट्यांत राहतो, त्यामुळे किंमती वस्तू अंगावर वागवायच्या म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. दोघातिघांनी मिळून 102 किलो सोनं न्यायचं, आणि त्याआधी तेवढंच शिसं सहज म्हणून चढवायचं! त्या संध्याकाळी आम्ही पुढे एक ओळही वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "ह्या खरा झाला काय?"

झालं होतं. कादंबरी ज्याच्यावर रचली ती चोरी 15 मे 1855 ला झाली. लंडन ब्रिजहून फोकस्टनला जाणारी साउथ ईस्टर्न रेल्वेची रात्री साडेआठची गाडी. सोनं पुढे बोटीने फ्रान्समधल्या बुलोनला आणि तिथून पॅरिसला जायचं होतं. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातल्या जुन्या खटल्यांची कामकाजं इंटरनेटवर आहेत. आमच्याकडे पावसात नेटवर्क राहत नाही, म्हणून बाबांच्या तपासणीला कणकवलीला गेलो तेव्हा मी ती फोनवर उतरवून घेतली. त्यानंतर दहा-बारा दिवस कादंबरी बाजूला राहिली आणि आम्ही खटला वाचला.

खऱ्या चोरीत टपावर कोणी चढलं नव्हतं. बाबांना हे ऐकून फार समाधान वाटलं. चोर चार. विल्यम पिअर्स, एडवर्ड आगर, रेल्वेच्या कचेरीतला कारकून विल्यम टेस्टर आणि चौथा जेम्स बर्जेस. बर्जेस गार्ड होता.

"हां," बाबा म्हणाले. एवढंच.

खरी योजना कादंबरीपेक्षा साधी आणि माझ्या मते जास्त भयंकर आहे. तिजोरीला दोन किल्ल्या लागत. तिजोऱ्या कुलपं बदलायला बनवणाऱ्या कंपनीकडे गेल्या होत्या. तो पत्रव्यवहार टेस्टरच्या टेबलावरून जायचा, म्हणून एक किल्ली थोड्या वेळासाठी त्याच्या हाती आली. दुसरी फोकस्टनच्या कचेरीत कुठे असते हे बघण्यासाठी आगरने खोट्या नावाने स्वतःलाच 200 पौंडांचं सोनं रेल्वेने पाठवलं. ते घ्यायला गेला, कारकुनाने कपाटातून किल्ली काढली, आणि आगरने कपाट बघून ठेवलं. पुढे एकदा कचेरी काही क्षण रिकामी सापडली तेव्हा मेणावर ठसा. मग बर्जेसच्या डब्यातून सात-आठ फेऱ्या करून नवीन किल्ली घासत, बसवत राहिला. सोनं कोणत्या रात्री जाणार हे आधी कळत नसे. पिअर्स आणि आगर शिसं भरलेल्या पिशव्या घेऊन रात्रीमागून रात्री स्टेशनाबाहेर वाट बघत. त्या रात्री बर्जेस बाहेर आला आणि त्याने रुमालाने तोंड पुसलं. ती खूण होती.

या रुमालापाशी बाबांनी मला तीनदा थांबवलं. "रोज लाल-हिरवो बावटो दाखवणारो माणूस तो," ते म्हणाले. "आनि त्या रातीक पांढरो."

सोनारकाकांचा आवडता भाग पुढचा. चोरांनी घरातच भट्टी लावून सोनं वितळवलं. एकदा मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तडकली आणि वितळलेलं सोनं लाकडी जमिनीवर सांडून जमीन पेटली. काका कळवळले. मूस आधी तापवून न घेता एकदम आगीत ठेवली असेल, नाहीतर आधीच चीर असेल, असं ते दोन दिवस घोळवत होते. त्या घरात आगरबरोबर फॅनी के नावाची बाई राहत होती, तिला त्याच्यापासून मूल होतं. जमीन जळलेली तिने पाहिली होती. हे नाव मी वहीत लिहिलं तेव्हा त्याचं पुढे काय होणार हे बाबांना माहीत नव्हतं.

बुलोनला पेट्यांचं वजन झालं. एक पेटी 40 पौंडांनी कमी, दुसऱ्या दोन जराशा जास्त. तरी पेट्या उघडल्या नाहीत, त्या पॅरिसला उघडल्या आणि आत शिशाच्या गोळ्या. इंग्रज म्हणाले फ्रान्समध्ये झालं, फ्रेंच म्हणाले इंग्लंडमध्ये. पण पॅरिसचं वजन आणि बुलोनचं वजन तंतोतंत जुळत होतं, म्हणजे जे झालं ते बुलोनच्या आधी. तरी कितीतरी महिने कोणी सापडलं नाही.

सापडले ते वेगळ्याच कारणाने. आगर दुसऱ्याच एका खोट्या चेकच्या प्रकरणात पकडला गेला आणि त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याने पिअर्सला निरोप ठेवला: माझे पैसे फॅनीला आणि मुलाला देत जा. पिअर्सने थोडे दिले आणि मग बंद केले. बाई मेटाकुटीला आली. ती न्यूगेट तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे गेली आणि माहीत होतं ते सांगितलं. आगरला हे कळलं तेव्हा तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने कोर्टात सगळं सांगितलं, किल्ल्या, मेण, रुमाल, मूस.

मी इथे कादंबरीशी भांडले, आणि आजही भांडते. क्रायटनने या बाईची जागा बदलली. त्याच्या गोष्टीत आगरची बाई चोरीत पकडली जाते आणि स्वतःची सुटका व्हावी म्हणून त्याचं नाव सांगते. खरी फॅनी मुलाच्या पैशांसाठी गेली होती. आणि कादंबरीतला पिअर्स शेवटी ऐटीत निसटतो. एक म्हातारी चुंबन घेताना बेडीची किल्ली त्याच्या तोंडात देते. गोष्ट म्हणून हे झकास आहे, मी ते उभं राहून सांगितलं आणि काकांनी टाळी दिली. पण ज्याने एका बाईचे आणि पोराचे पैसे खाल्ले त्याला लेखकाने रुबाबदार नायक करायला नको होतं. बाबा म्हणाले, कादंबरीतल्या बर्जेसलाही आजारी पोर दिलंय, म्हणजे आपल्याला त्याची दया यावी. "ता माका आवडला," ते म्हणाले. "गार्ड उगाच तसा करणार नाय."

जानेवारी 1857 चा निकाल मी मुद्दाम हळू वाचला. टेस्टर आणि बर्जेस यांना 14 वर्षं काळं पाणी. पिअर्सला दोन वर्षं सक्तमजुरी.

"परत वाच."

परत वाचलं.

"गार्डाक चवदा? आनि तेका दोन?"

मी समजावून सांगितलं, की तेव्हाच्या कायद्यात नोकराने मालकाची चोरी करणं हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा होता. पिअर्स त्या वेळी रेल्वेचा नोकर नव्हता, म्हणून त्याची साधी चोरी. बाबांनी उत्तर दिलं नाही. पाऊस थोडा उघडला होता, माडाच्या झावळ्यांवरून पागोळ्या पडत होत्या. काका घरी गेले. मग बाबा बोलायला लागले, माझ्याशी नाही, समोर बघून.

त्यांच्या वेळी छोट्या स्टेशनांची रोजची कमाई चामड्याच्या पिशवीत सील होऊन यायची आणि गार्डच्या डब्यातल्या लोखंडी कॅश सेफमध्ये टाकली जायची. वरून पिशवी आत पडे, पण हात घालून काढता येत नसे. किल्ली गार्डकडे नसायची. गार्ड फक्त सही करायचा. एकदा एका पिशवीत चिठ्ठीपेक्षा चारशे रुपये कमी निघाले. पिशवीचं सील शाबूत होतं. तरी पहिल्यांदा बोलावलं गार्डला. "म्हणाले, डब्यात तू एकटोच होतंस." अकरा दिवस कामावरून बाजूला. पैसे शेवटी त्या स्टेशनाच्याच खणात सापडले, मोजताना राहिले होते. बाबांना पुन्हा ड्युटीवर घेतलं, त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही.

मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आतून आई म्हणाली, "अकरा नाय, बारा." बाबांनी तोंड वळवलं नाही. "तू कागद इल्लो तो दिस धरतस," ते म्हणाले.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. बंदरावरून नारळ सोडून आल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि आधी ती वही मागितली. माझं अक्षर एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं होतं ते त्यांनी बोटाने दाखवलं. मग स्वतःचं पेन घेतलं. लंडन ब्रिजच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'गार्डच्या डब्यात परका इसम.' रेडहिलपुढे, जिथे टेस्टरने थोडं सोनं भरलेली पिशवी उतरवून घेतली होती, 'माल उतरला, नोंद नाही.' फोकस्टनपुढे 'तिजोऱ्या उतरल्या. वजन केले नाही.' टपावरच्या पानावरचं 'संशयास्पद' त्यांनी तसंच ठेवलं.

खाली गार्डच्या सहीची जागा होती. तिथे त्यांनी पेन टेकवलं, जरा वेळ थांबले, आणि काही न लिहिता टोपण लावलं. वही आता त्यांच्या उशाशी असते, शिशाचे दोन मणी काकांनी न्यायचे राहिले ते तिच्यावर ठेवलेले.